तळ्यावरच्या बदकांना पाव घालू नका म्हणतात, बाबांना कसं सांगू?

कातरवेळ:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या घराजवळ एक तळं आहे. आई-बाबा रोज सकाळी तिथे फिरायला जायचे आणि जाताना उरलेला पाव पिशवीत घालून न्यायचे. आई गेली त्याला आता दीड वर्ष होईल. बाबा अजून जातात, एकटेच, आणि पाव नेतातच. घरात उरला नसेल तर मुद्दाम विकत आणतात. पिशवीचा आवाज आला की बदकं पाण्यातून धावत काठावर येतात, आणि तेवढी पंधरा-वीस मिनिटं बाबा हसतात. हे मी लांबून बघितलंय.

गेल्या महिन्यात तिथे पाटी लागली, "पक्ष्यांना खाऊ घालू नये". बाबा म्हणाले, मुक्या जिवाला दोन घास दिले तर कुणाचं काय जातं? मला उत्तर देता आलं नाही, कारण मलाच माहीत नाही. नेटवर शोधलं तर कुणी म्हणतं पावाने बदकांचे पंख वाकडे होतात, कुणी म्हणतं ते सगळं खोटं आहे. खरं काय? आणि खरं असेल तर ७४ वर्षांच्या माणसाला ते सांगायचं कसं?

चिंगी_:
वाचतेय. मी पण घालते, त्यामुळे धाकधूक होतेय.

पाणकणीस:
कातरवेळ, पाटी बरोबर आहे पण तुमच्या बाबांचा प्रश्नही बरोबर आहे. कुणाचं काय जातं हे पाटीवर कुणी लिहीतच नाही, नुसतं "घालू नये" म्हटलं की माणूस चिडणारच.

मी पंधरा-सोळा वर्षं पाणपक्षी बघतोय. बदक काय खातं ते एकदा तासभर शांत बसून बघा. काही बदकं डोकं पाण्यात आणि शेपटी आभाळाकडे करून उलटी होतात आणि पाणवनस्पती, बिया, गोगलगायी, किड्यांच्या अळ्या असं काय काय वेचतात. काही पूर्ण बुडी मारून तळ गाठतात. हंस तर काठावरचं गवत चरतात, अगदी गाईसारखे. म्हणजे दिवसभर थोडं थोडं पण नाना प्रकारचं खाणं. पाव म्हणजे नुसता मैदा, त्याने पोट भरतं आणि पोट भरलं की बाकीचं शोधायला पक्षी जात नाही. मोठ्या बदकाने दोन तुकडे खाल्ले तर त्याला काही होणार नाही हे मी पण मान्य करतो. पिल्लांचं तसं नाही. पहिले काही आठवडे त्यांना भराभर वाढायला प्रथिनं लागतात, ती किडे-अळ्यांतून मिळतात, आणि नेमके तेच दिवस असतात जेव्हा पिल्लं बघायला म्हणून लोक पिशव्या भरभरून पाव घेऊन येतात.

पशुवैद्य_८:
पंख वाकडे होण्यावर लिहितो, कारण त्याबद्दल अर्धवट माहिती फार फिरते.

त्याला एंजल विंग म्हणतात. पंखाचा टोकाकडचा भाग मनगटाच्या सांध्यापाशी बाहेरच्या बाजूला पिळवटतो, मग मोठी पिसं अंगालगत बसण्याऐवजी काड्यांसारखी बाहेर येतात. हे होतं वाढत्या वयात. उडायची पिसं फुटत असताना ती रक्ताने भरलेली, जड असतात, आणि पिल्लाची वाढ नको इतकी झपाट्याने होत असेल तर सांध्याला तो भार पेलत नाही. लवकर लक्षात आलं तर पंखाची घडी घालून काही दिवस पट्टीने बांधून ठेवतात आणि बऱ्याचदा सुधारतो. एकदा हाडं पक्की झाली की काही करता येत नाही, तो पक्षी जन्मभर जमिनीवर.

कारण म्हणाल तर जास्त उष्मांकाचं अन्न, जास्त प्रथिनं, मँगनीजची किंवा ड आणि ई जीवनसत्त्वांची कमतरता, आनुवंशिकता, या सगळ्यांवर बोट ठेवलं गेलंय. एकट्या पावामुळेच होतं असं छातीठोकपणे सांगण्याइतका पुरावा नाही. म्हणून ताई, बाबांना "पावाने पंख मोडतात" असं सांगू नका. उद्या ते कुठेतरी उलटं वाचतील आणि मग तुमचं पुढचं काहीच ऐकणार नाहीत.

बेधडक:
हेच म्हणतो मी! २०१८ साली ब्रिटनच्या राणीच्या हंसांची जबाबदारी असलेले अधिकारी डेव्हिड बार्बर यांनी चक्क निवेदन काढलं होतं की पाव घालू नका या मोहिमेमुळे हंस उपाशी राहताहेत, लोक शेकडो वर्षं पाव घालत आलेत, खुशाल घाला. ऑक्सफर्डचे प्रा. ख्रिस पेरिन्स त्यांच्या बाजूने होते. आता बोला. एका म्हाताऱ्या माणसाचा एवढासा आनंद कशाला हिरावून घ्यायचा?

चिंगी_:
आँ? मग घालायचा??

गुगली:
चिंगी, थांब, मॅच अजून पहिल्याच सेशनमध्ये आहे.

पाणकणीस:
बेधडक, निवेदन खरं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ते कोणत्या हंसांबद्दल होतं ते बघा की, माणसांच्या हातून खायची पिढ्यानपिढ्या सवय लागलेले हंस, त्यात थंडी, त्यात नैसर्गिक खाणं कमी. आधी सवय लावली आणि मग लोकांनी एकदम हात आखडता घेतला, मी तरी ते निवेदन असंच वाचतो. आपण ती सवय नव्याने लावायची का, हा वेगळा प्रश्न आहे.

आणि पाव बाजूला ठेवा हो. उद्या कुणी उत्तम प्रतीचं धान्य घातलं तरी माझा आक्षेप राहणारच, कारण माझा आक्षेप गर्दीला आहे. जंगली बदकं खाण्याच्या शोधात पांगलेली असतात. रोज ठरलेल्या वेळी ठरलेल्या दगडापाशी खाणं पडायला लागलं की तीच बदकं एका खोलीएवढ्या जागेत येतात, तिथेच खातात, तिथेच शिटतात, तेच पाणी पितात. एक जरी आजारी असलं तरी झालं. १९७३ च्या जानेवारीत अमेरिकेत साउथ डकोटातल्या लेक अँडीजवर बदकांच्या प्लेगची (हा विषाणूचा रोग) साथ आली, हिवाळ्यासाठी जमलेली मलार्ड बदकं (हिरव्या डोक्याची, चित्रांत असतात ती) ४०,००० च्या वर मेली. तिथे पावामुळे साथ आली असं मी म्हणत नाहीये, पण पक्षी दाटीने असले की विषाणूला किती सोपं जातं ते त्यातून कळतं. आपण पिशवी घेऊन गेलो की ती दाटी आपण आपल्या हाताने तयार करतो.

लहर:
माझा अनुभव सांगते. लेक तीन वर्षांची असताना आम्ही अशाच एका तळ्यावर गेलो होतो, तिच्या हातात बिस्किट होतं, तिचं स्वतःचं, पक्ष्यांसाठी नव्हे. एक मोठा हंस सरळ चालत आला आणि बिस्किटासकट तिची बोटं चोचीत धरली. फार लागलं नाही पण ती इतकी घाबरली की पुढे दोन वर्षं पक्षी म्हटलं की माझ्यामागे लपायची. मी तेव्हा हंसाला शिव्या घातल्या होत्या. आता कळतं की त्याची काहीच चूक नव्हती, माणसाचा हात म्हणजे खाणं हे त्याला आमच्यासारख्यांनीच शिकवलेलं.

गुगली:
आमच्या इथली बदकं तर पिशवीचा आवाज ओळखतात. परवा एका काकांनी रेनकोटची घडी उलगडली आणि चाळीसेक बदकं काठावर येऊन रांगेत उभी. काका इतके ओशाळले की "नाही रे बाबांनो, काही नाही आणलं" असं प्रत्येकाला सांगत होते.

नितळ:
माझं काम पाण्याशी संबंधित आहे म्हणून पाण्याच्या बाजूने लिहितो, ती बाजू कुणी घेतली नाही अजून.

काठावर टाकलेलं सगळं खाल्लं जात नाही. जे उरतं ते पाण्यात कुजतं, कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं. जे खाल्लं जातं ते विष्ठेतून परत पाण्यातच येतं. चरणारे हंस तर दर काही मिनिटांनी शिटतात. यातून फॉस्फरस आणि नायट्रोजन तळ्यात साठत जातो, शेतात खत टाकल्यासारखं, आणि पीक येतं शेवाळाचं. लहान, साचलेलं, बाहेरून नवीन पाणी न येणारं तळं असेल तर हा हिशोब फार लवकर बिघडतो. पाणी हिरवं होतं, तळाशी ऊन पोचत नाही, तळातल्या वनस्पती मरतात. म्हणजे बदकांचं खरं खाणंच जातं. मग लोक म्हणतात बिचारी बदकं उपाशी आहेत, आणि आणखी पाव आणतात.

शिवाय उन्हाळ्यात तापलेलं, प्राणवायू नसलेलं, कुजकं पाणी म्हणजे बोटुलिझमच्या, म्हणजे विष तयार करणाऱ्या, जंतूंना आमंत्रण. त्याचं चक्र भयंकर आहे. विषाने एक पक्षी मरतो, त्याच्या कलेवरात माश्यांच्या अळ्या पडतात, त्या अळ्यांना स्वतःला काही होत नाही पण विष त्यांच्यात साठतं, आणि दुसरं बदक त्या अळ्या मिटक्या मारत खातं की तेही मरतं. पक्ष्याची मान लुळी पडते, पाण्यावर डोकं वर धरता येत नाही म्हणून तो बुडून मरतो. २०१९ च्या नोव्हेंबरात राजस्थानातल्या सांभर सरोवरात हजारो पक्षी मेले ते याच रोगाने. तिथे कारण खाऊ घालणं हे नव्हतं, गैरसमज नको. पण कुजलेलं पाणी आणि पक्ष्यांची गर्दी हे दोन्ही आपण छोट्या तळ्यात मुद्दाम का आणून ठेवायचं?

चिंगी_:
अळ्यांचं वाचून जेवण राहिलं माझं. पण कळलं.

तिन्हीसांज:
नितळ, तळ्यात पोहल्यावर अंगाला खाज सुटते ती पण बदकांमुळेच का? विषयांतर आहे, माफ करा.

नितळ:
विषयांतर कसलं, विषयच आहे. ते एक परजीवी असतं, त्याचा अर्धा जन्म गोगलगाईत आणि अर्धा पाणपक्ष्यात. गोगलगाईतून बाहेर पडलेली त्याची बारीक पिल्लं बदक शोधत असतात आणि चुकून माणसाच्या कातडीत शिरतात, तिथे ती मरतात पण पुरळ उठतं. धोकादायक नाही, पण खाज जबरदस्त. पोहायच्या जागेजवळ बदकं जमवू नयेत याचं ते एक कारण.

बेधडक:
बरं बरं, पाण्याचं पटलं. पण माझा मुद्दा अजून उभा आहे. लहान मूल पक्ष्याच्या जवळ येतं कधी? पक्षी त्याच्या हातून काहीतरी खातो तेव्हाच ना? तेसुद्धा बंद केलं तर ही मुलं पक्षी फक्त मोबाईलवर बघणार आणि मोठी झाल्यावर तळं बुजवताना त्यांना काहीही वाटणार नाही. मला आजही आजोबांचं बोट धरून बदकांना घातलेला पाव आठवतो, आज मी तळ्यासाठी भांडायला उभा राहतो तो त्याच्यामुळे. हे मी मनापासून लिहितोय, वाद घालायचा म्हणून नाही.

खडूफळा:
बेधडक, तुमचा हा प्रतिसाद मला फार आवडला, आणि मी शिक्षिका आहे म्हणून त्याला उत्तर द्यायचा प्रयत्न करते.

मी दर वर्षी मुलांना तळ्यावर नेते. पहिली दोन वर्षं पाव नेला. मुलं आनंदाने ओरडायची, दहा मिनिटांत पाव संपायचा, आणि पाव संपला की मुलांना पक्ष्यांत काही रस राहायचा नाही, निघायची घाई. तिसऱ्या वर्षी काही न नेता गेलो. पहिला अर्धा तास कंटाळा, कुरकुर, बाई चला ना. मग एका मुलाला दिसलं की एक बदक बुडालं आणि वर येतच नाही. सगळे मोजायला लागले, किती वेळाने येईल, कुठून येईल. पैजा लागल्या. परत निघायला मला त्यांना अक्षरशः ओढून आणावं लागलं. एका मुलीने विचारलं, बाई त्याच्या पाठीवर पाणी ठरत का नाही, तिथून शेपटीजवळच्या तेलाच्या ग्रंथीपर्यंत गोष्ट गेली. जवळ येणं खाऊशिवायही होतं हो. वेळ जास्त लागतो एवढंच.

बेधडक:
बुडी मोजायची पैज... हे करून बघण्यासारखं आहे. नोंद केली.

खिडकी:
कॅनडा गूज नावाच्या जंगली हंसाची गोष्ट माहितीये का कुणाला? त्यातली सर्वात मोठी जात नामशेष झाली असं समजत होते. १९६२ साली हॅरल्ड हॅन्सन नावाच्या शास्त्रज्ञाला ती अमेरिकेत मिनेसोटातल्या रॉचेस्टर गावी, सिल्व्हर लेक नावाच्या तळ्यावर सापडली. तिथल्या वीजकेंद्राच्या गरम पाण्यामुळे ते तळं थंडीत गोठायचं नाही, म्हणून हंस तिथेच मुक्कामाला. आणि आज बघा, त्याच देशात कितीतरी बागांत, मैदानांवर हे हंस बारा महिने राहतात, स्थलांतर करतच नाहीत, आणि लोक त्यांच्या विष्ठेने हैराण आहेत. त्यात पूर्वी शिकारीसाठी पाळलेल्या आमिष-हंसांचाही हात आहे, १९३५ मध्ये जिवंत आमिषावर बंदी आली तेव्हा बरेचसे सोडून दिले गेले. पण ज्याला एका जागी वर्षभर कापलेलं हिरवळीचं गवत, उघडं पाणी आणि वर लोकांचा खाऊ मिळतो तो हजारो किलोमीटर उडेल कशाला?

सायकलस्वार:
याच हंसांनी ते विमान पाडलं ना, २००९ मध्ये, न्यूयॉर्कच्या हडसन नदीत उतरवलं ते? खाऊ घालून माजवलेले हंस, दुसरं काय.

पाणकणीस:
सायकलस्वार, विमान बरोबर आणि हंस बरोबर, पण माजवलेले नव्हते. इंजिनात सापडलेल्या पिसांची अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेत तपासणी झाली. पिसं वाढताना पक्षी जिथे राहतो तिथल्या पाण्या-अन्नाची खूण पिसात उरते, त्यावरून ते हंस शहरातले नव्हते, कॅनडातल्या लॅब्राडोर भागातून आलेले स्थलांतरित होते असं निघालं. आपली बाजू खरी असली तरी चुकीचं उदाहरण नको, नाहीतर तेवढंच धरून कुणीतरी सगळं खोटं ठरवतं.

सायकलस्वार:
अरे बापरे, पिसावरून पत्ता काढला! चूक दुरुस्त केल्याबद्दल धन्यवाद.

पशुवैद्य_८:
आणखी एक, खाऊ मिळणाऱ्या तळ्यांवर लोक घरची पाळीव बदकं आणून सोडतात, "इथे त्यांना खायला मिळेल" म्हणून. पांढरी पेकिन बदकं तर उडूच शकत नाहीत नीट. आणि पाळीव मलार्डांचा जंगली बदकांशी संकर होतो. हवाईतलं कोलोआ नावाचं बदक जगात दुसरीकडे कुठेच नाही, त्याला आज सगळ्यात मोठा धोका सोडून दिलेल्या मलार्डांशी होणाऱ्या संकराचा आहे. न्यूझीलंडच्या करड्या बदकाचीही तीच गत. बंदूक नाही, सापळा नाही, आणि एक जात हळूहळू पुसली जाते.

आणि हे लिहू की नको असं वाटत होतं, पण लिहितो. गर्दीत नर जास्त झाले की मादीचे हाल होतात. एकेका मादीवर चार-पाच नर तुटून पडतात, पाण्याखाली दाबली जाऊन मादी बुडाल्याच्या केसेस माझ्याकडे आल्यात. विणीच्या दिवसांत तिला लपायला जागा हवी असते आणि आपण तिला सगळ्यांच्या मध्यात बोलावतो.

जुनाखोड:
मग पावाऐवजी वाटाणे, मका, ओट्स चालतील का? सगळीकडे लिहिलेलं असतं की हे द्या.

पाणकणीस:
काका, पावापेक्षा बरं एवढंच. गर्दी, घाण, सवय हे तसंच राहतं. आणि उरलेल्या धान्यावर उंदीर-घुशी येतात, कावळे येतात, आणि खाऊ संपला की हेच पाहुणे काठावरच्या घरट्यांतली अंडी आणि पिल्लं खातात. बुरशी आलेलं काहीही तर मुळीच नको, पक्ष्यांच्या फुफ्फुसात बुरशी वाढते आणि त्यावर उपाय जवळजवळ नाही. लोक नेमका तोच पाव बदकांसाठी बाजूला काढतात, आपल्याला खाववत नाही म्हणून.

कातरवेळ:
बापरे, दोन दिवस नेट नव्हतं आणि इकडे एवढं सगळं! एक एक प्रतिसाद दोनदा वाचला. मला पटलं, पूर्ण पटलं. पण खरं सांगू का, यातलं काहीही मी बाबांना सांगू शकत नाही. आई आणि ते मिळून बावीस वर्षं हे करत होते. आता मी जाऊन त्यांना सांगू की तुम्ही दोघं ज्यांचं भलं करत होतात त्यांचं नुकसान होत होतं? नाही जमणार मला.

चिंगी_:
कातरवेळ :(

जुनाखोड:
बेटा, मी तुझ्या बाबांच्याच वयाचा आहे, ७१ पूर्ण. पत्नी जाऊन सहा वर्षं झाली. म्हणून लिहितो.

रोगाबिगाचं काही सांगू नकोस त्यांना. बाबा तिथे बदकांसाठी जात नाहीत, वाट बघणारं कुणीतरी आहे म्हणून जातात. सकाळी उठायला कारण लागतं या वयात. घरात आपली वाट बघणारं माणूस गेलं की दुसरीकडे कुणीतरी वाट बघतंय ही भावना फार मोठी असते, तू अजून लहान आहेस, तुला आज नाही कळायचं, आणि कळूही नये. पाव काढून घेतलास तर त्या जागी काहीतरी ठेव. रिकामी पिशवी घेऊन नको पाठवूस.

आणि पहिल्यांदा तू सोबत जा. एकट्याला बदलायला सांगू नकोस.

पाणकणीस:
काकांचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काही लिहावंसं वाटलं नाही.

ताई, एक सुचवतो. त्या जागी मोजणी ठेवा. खरोखरची मोजणी. पाणपक्ष्यांची आंतरराष्ट्रीय गणना १९६७ पासून होते, आशियात १९८७ पासून, दर जानेवारीत, आणि त्यातलं बरंचसं काम हौशी लोकच करतात. कोणत्या तळ्यावर कोणते पक्षी किती, एवढंच, पण तळं वाचवायला तेच आकडे कामी येतात. रोज एकाच तळ्यावर जाणारा माणूस ही आमच्यासारख्यांसाठी सोन्यासारखी गोष्ट आहे, मी महिन्यातून एकदा जातो आणि मला वाटतं मला तळं माहितीये! बाबांनी बावीस वर्षं जे बघितलंय ते माझ्याकडे नाही. त्यांना मदत मागा, मनाई करू नका.

तिन्हीसांज:
पण एकदम बंद केलं तर ती बदकं उपाशी नाही का मरणार? बेधडक यांनी सांगितलं तसं?

पशुवैद्य_८:
एका माणसाने बंद केल्याने नाही. जंगली बदकाला पंख आहेत आणि शोधायची बुद्धी आहे, इथे नाही मिळालं तर ते दुसरीकडे जातं, तेच तर हवंय. मात्र ज्या तळ्यावर वर्षानुवर्षं शेकडो पक्षी फक्त माणसांवर जगताहेत तिथे ऐन कडाक्याच्या थंडीत अचानक थांबवू नये, खाणं मुबलक असलेल्या मोसमात हळूहळू कमी करत न्यावं. सोडून दिलेल्या पाळीव बदकांचं वेगळं, त्यांना पकडून घर शोधून द्यावं लागतं. आणि जखमी पक्षी दिसला तर खायला घालत बसू नका, पक्षी-बचाववाल्यांना फोन करा.

बर्ड फ्लूबद्दल एक राहिलं. २००५ मध्ये चीनमधल्या चिंगहाई सरोवरावर त्याच्या एच५एन१ या विषाणूने हजारो पक्षी मेले, त्यात सगळ्यात जास्त पट्टकादंब हंस, तेच ते हिमालय ओलांडणारे. २००८ मध्ये जपानात हंसांमध्ये तो विषाणू सापडल्यावर, जिथे लोक हौसेने हंसांना खाऊ घालायचे अशा अनेक जागी ते थांबवलं गेलं. त्यामुळे सध्या हातावर घेऊन भरवणं तर माणसांसाठीही नको.

कातरवेळ:
तीन आठवडे झाले, सांगायला आलेय.

जुनाखोड काका, तुम्ही म्हणालात तसं सोबत गेले. पहिल्या दिवशी पाव होता, मी काही बोलले नाही. परत येताना म्हटलं, बाबा, एका गणनेसाठी या तळ्याचे रोजचे आकडे हवे आहेत, मला काही ओळखता येत नाही, तुम्ही मदत कराल का? ते गप्प. घरी येऊन म्हणाले, आईची दुर्बीण कुठे आहे. आईची दुर्बीण होती हे मी विसरूनच गेले होते.

सगळं सुरळीत झालं असं नाही. दुसऱ्या दिवशी ती बदकं धावत आली आणि बाबांच्या हातात काही नाही बघून तिथेच थांबली, बराच वेळ. बाबांचे डोळे भरून आले. मला वाटलं संपलं, उद्या परत पाव. आणि खरंच तिसऱ्या दिवशी दोन तुकडे खिशात होते, मी बघितले. पण नंतर ते आपोआप पलीकडच्या काठावर, झाडाखालच्या बाकावर जायला लागले, तिथे बदकं मागे येत नाहीत. आता वही केलीय. तारीख, वेळ, आकडे. काल वारकरी पक्षी ४१, हळदी-कुंकू बदकं ९.

आणि काल घरी येऊन म्हणाले, बावीस वर्षांत हा पक्षी मी कधी बघितला नाही. मधल्या पाण्यात सात-आठ जण गोल गोल फिरत होते, एकमेकांच्या मागे, चोच पाण्यावर टेकवून. डोकं हिरवं, छाती पांढरी, पोट विटकरी, आणि चोच पसरट, चमच्यासारखी. पाणकणीस, हे काय आहे?

पाणकणीस:
थापट्या! थापट्याच, दुसरं काही असूच शकत नाही. गोल फिरून पाणी ढवळतात आणि वर आलेले बारीक जीव चोचीच्या कडेच्या कंगव्यासारख्या दात्यांतून गाळून घेतात. पावाकडे सहसा फिरकत नाही तो, काठावर येतच नाही, म्हणून दिसला नसेल बाबांना, त्यांचं सगळं लक्ष पायाशी आलेल्यांकडे असणार. किती होते म्हणालात, सात की आठ? आणि त्यात माद्या किती, तपकिरी, चोच तशीच पसरट?

कातरवेळ:
बाबा शेजारीच बसलेत. म्हणताहेत आठ होते, माद्यांचं लक्षात नाही, उद्या मोजून सांगतो.